चिंध्यांच्या गोधडीचं कूळ

गोधडीचा विषय निघाला की दोन विधानं हमखास केली जातात: ती फार प्राचीन आहे आणि ती गरिबीची लेक आहे. दोन्हींत तथ्य आहे, पण ती एकत्र बांधली की गोधडीचा इतिहास चुकतो. आपण जिला गोधडी किंवा वाकळ म्हणतो तिच्यात दोन वेगळी कामं एकत्र नांदतात. जुन्या कापडाचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने पक्के करायचे, हे पहिलं काम. लहानमोठे तुकडे जोडून वरचा थर भरायचा, हे दुसरं. पहिलं खरोखरच जुनं आहे. दुसरं, म्हणजे रंगीबेरंगी चिंध्यांची गोधडी, घरोघर पोचली ती कापड दुर्मीळ होतं म्हणून नव्हे, तर कापड आणि शिवलेले कपडे मुबलक झाले म्हणून, असं माझं म्हणणं आहे. हा फरक समजून घेतला तर गोधडी मधल्या काळात मागे का पडली आणि आज ती नीट शिवायची असेल तर कशाची काळजी घ्यावी, हेही उलगडतं.

आधी थरांचं पाहू. नऊवारी लुगडं म्हणजे 27 फूट लांबीचं कापड. त्याच्या चार घड्या केल्या की प्रत्येक घडी पावणेसात फूट भरते, म्हणजे माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकला जाईल इतकी. एकट्याच्या पांघरुणाला एक लुगडं पुरतं, दोघांच्या पांघरुणाला दोन. कात्री लावायची गरजच पडत नाही. लुगडं विरतं ते आधी बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या खालच्या कडेला. काठ आणि पदर बरेच दिवस धड राहतात. म्हणून शिवणारी विरलेला भाग पोटात घालते आणि धड भाग वर घेते. कापड जुनंच लागतं, त्यालाही कारण आहे. नव्या सुती कापडात खळ असते, वीण आवळलेली असते, चार-सहा थरांतून सुई ओढताना बोटं दुखतात. शेकडो धुण्यांनंतर खळ निघून जाते, धागा फुलतो आणि कापड मऊ पडतं. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेने, आणि ती हवा व ते थर जागच्या जागी धरून ठेवतो तो धावदोरा. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून भरलेली दुलई वेगळी, धनगरी लोकरीची घोंगडी वेगळी. गोधडीला कापूस लागत नाही, माग लागत नाही. सुई, दोरा आणि वापरून मऊ झालेलं सूत एवढ्यावर ती उभी राहते. थरांना टाके घालण्याची ही कल्पना जगात फार लांबवर पसरलेली आहे. मंगोलियातल्या नोइन-उला इथल्या थडग्यांत 1924-25 च्या सुमारास झालेल्या उत्खननात टाके घातलेलं लोकरी अंथरूण मिळालं, ते सुमारे 2000 वर्षांपूर्वीचं आहे. गोधडीच्या या अंगाला प्राचीन म्हणायला माझी काहीच हरकत नाही.

चिंध्यांचा प्रश्न मात्र निराळा आहे. चिंधी दोन वाटांनी येते: कापड फाटून किंवा कापड कापून. जुन्या मराठी वेशाकडे या नजरेने पाहिलं तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. लुगडं, धोतर, उपरणं, पंचा, पागोटं ही सगळी मागावरून उतरली तशीच अंगावर चढणारी वस्त्रं. त्यांना कात्री लागत नाही, त्यामुळे त्यांच्यातून कातरण पडत नाही. सोवळ्यात तर शिवलेलं वस्त्र चालतच नसे. बाईच्या अंगावर शिवलेलं असे ते एक चोळी, आणि गुळेदगुडचा खण चोळीपुरत्या तुकड्यानेच विकला जाई. त्यातून उरून उरणार किती? गावगाड्याची जुनी रचनाही हेच सुचवते. नेहमीच्या यादीत कपडे धुणारा परीट बारा बलुतेदारांत बसतो, तर कपडे शिवणारा शिंपी अलुतेदारांत. याद्या गावागणिक बदलतात हे खरं, पण क्रम बोलका आहे: धुण्याची गरज रोजची, शिवण्याची अधूनमधूनची. अशा गावात धुवट लुगड्यांची वाकळ सहज होते. पन्नास वेगवेगळ्या छापांचे तुकडे मात्र एका घरात जमणं अवघड.

हे चित्र एकोणिसाव्या शतकात पालटायला लागलं. आधी विलायती कापड आलं. 1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापूस गिरणी काढली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभं राहिलं. त्याच सुमारास, 1851 मध्ये, अमेरिकेत आयझॅक सिंगर यांनी शिवणयंत्राचं पेटंट घेतलं आणि शतक संपण्याआधी सिंगरची मशिनं हिंदुस्थानात विकली जाऊ लागली. छापील चीट स्वस्त झालं. चोळीच्या जोडीला पोलकं आणि झंपर आला. सदरा, लेंगा, परकर, फ्रॉक, शाळेचा गणवेश असे कापून शिवायचे कपडे घराघरांत शिरले. कापून शिवलेल्या प्रत्येक कपड्यामागे काखेची, गळ्याची, बाहीची कातरण उरते. शिंप्याच्या दुकानात चिंध्यांचं गाठोडं साठू लागलं आणि घरात मशीन आल्यावर ते घरातही साठू लागलं. शिवाय शिवलेला कपडा जुना झाला की लुगड्यासारखा सलग राहत नाही. उसवला तर त्याचे तुकडेच होतात. ज्या गोधडीत आजोबांचा सदरा, आईचं पोलकं आणि बाळाचं झबलं शेजारीशेजारी ओळखू येतं, ती गोधडी अशा काळाची आहे.

यावर पहिला आक्षेप भारतीय परंपरेतूनच येईल. बौद्ध भिक्खूंचं चीवर तुकड्यांचंच होतं, मग तुकडे जोडण्याची कला आधुनिक कशी? विनयपिटकातल्या महावग्गात मगधाच्या बांधबंदिस्तीच्या शेतांसारखं चीवर बेतायला बुद्धांनी आनंदाला सांगितल्याची कथा आहे, आणि मध्य आशियाच्या वाटेवरच्या दुनह्वांगच्या गुहेतून 1907 मध्ये ऑरेल स्टाइन यांनी नेलेल्या वस्तूंत आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराचं, रेशमी तुकड्यांचं जोडकाम आहे. कला जुनी आहे, हे मान्यच. पण चीवराचा नियम बारकाईने पाहावा. दानात नवं कोरं कापड मिळालं तरी भिक्खूने ते कापून, जोडून वापरायचं. कारण कापलेल्या कापडाला बाजारात किंमत राहत नाही आणि चोराला त्याचा मोह होत नाही. म्हणजे इथे तुकडा हा व्रताचा भाग आहे. तुकडे आहेत म्हणून वस्त्र जोडलेलं नाही, वस्त्र जोडायचं म्हणून तुकडे केलेले आहेत. जोगी-बैराग्यांच्या कंथेतही आणि अलीकडे गाडगेबाबांच्या चिंध्यांच्या पेहरावातही तोच अर्थ आहे. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत ते त्या निवडलेल्या वैराग्यामुळे. संसारी घरातल्या पांघरुणाचा उगम या व्रतातून निघाला असं म्हणायला आधार सापडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शिंपी तर तेराव्या शतकातही होते, संत नामदेव त्याच घरचे. मग चिंध्या तेव्हाही असणारच. असतील, पण थोड्या आणि थोड्या घरांत. हाताने कातलेलं, हाताने विणलेलं कापड महाग असतं आणि महाग कापडाचा तुकडा आधी ठिगळ म्हणून लागतो, पांघरुणाची शोभा म्हणून नव्हे. उत्तर जपानातलं ‘बोरो’ हे याचं चांगलं उदाहरण. आओमोरीच्या थंडीत कापूस पिकत नसे. जुन्या सुती कापडाच्या चिंध्या ओसाकाकडून जहाजांनी येत आणि त्या पैसे मोजून घ्याव्या लागत. तिथेही ठिगळांवर ठिगळं देऊन अंथरुणं होत, हे नाकारता येत नाही. पण तिथला तुकडा आधी भोकावर बसतो, रंगसंगती नंतर. आपल्याकडेही जुन्या कापडाला बाजार होता. बोहारीण जुने कपडे घेऊन भांडं देते, हा व्यवहार कालपरवापर्यंत दारोदार चालायचा. म्हणजे जुन्या पातळाची गोधडी करणं हा फुकटचा उद्योग नव्हता. भांडं सोडून पांघरूण निवडण्याचा तो निर्णय होता. कापड पुरेसं असल्याशिवाय असा निर्णय घरात वारंवार घेता येत नाही.

पश्चिमेचा अनुभवही याच दिशेला बोट दाखवतो. तारीख घातलेलं जुन्यात जुनं ज्ञात ब्रिटिश जोडकाम 1718 सालचं आहे आणि ते रेशमी तुकड्यांचं आहे. ते गरिबाघरचं नव्हे. अमेरिकेत पहिल्या वसाहतकरी बायकांनी चिंध्या जोडून संसार ऊबदार केला, ही गोष्ट तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. बार्बरा ब्रॅकमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुन्या रजया तपासल्या, तेव्हा निराळंच दिसलं: अठराव्या शतकातल्या रजया बहुतांशी सलग कापडाच्या आणि सधन घरांतल्या होत्या, ठोकळ्याठोकळ्यांच्या जोडकामाला उधाण आलं ते 1840 नंतर, न्यू इंग्लंडच्या गिरण्यांनी छापील सूत स्वस्त केल्यावर. अलाबामातल्या जीज बेंड गावच्या आफ्रिकी-अमेरिकी बायकांच्या रजया 2002 पासून मोठ्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या. त्या बायका अतिशय गरीब होत्या, हे खरं. पण त्यांच्या हाताशी असलेले झिजलेले कामाचे कपडे गिरणीच्याच कापडाचे होते. गरिबीने शिवणारे हात पुरवले. तुकडे पुरवले ते गिरणीने. या दोन गोष्टी एकच मानल्या की गोधडीला गरिबीचं प्रतीक म्हणून गौरवायचं आणि शिवणारीच्या कसबाकडे काणाडोळा करायचा, असं होत राहतं.

ते कसब सगळ्यात स्पष्ट दिसतं गोधडी पुरी करण्याच्या क्रमात. पाश्चात्त्य पद्धतीत आधी तुकड्यांचा वरचा थर पुरा जोडतात, मग मध्ये भरण आणि खाली अस्तर घालून टाके घालतात आणि सर्वांत शेवटी कडेला पट्टी लावतात. या प्रत्येक टप्प्यावर काम रेंगाळू शकतं. जोडून झालेले पण रजई न झालेले थर तिथल्या कपाटांत पिढ्यान्‌पिढ्या पडून असतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायकांची ‘कवंदी’ याच्या उलट वाटेने जाते. सिद्दींचे आफ्रिकी पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले. त्यांतले अनेक तिथून निसटून या रानात शिरले आणि आजही त्यांच्या घरात कोकणी बोलली जाते. कवंदी शिवणारी खाली जुनी साडी पसरते, एका कोपऱ्यापासून कड आत दुमडून टाके घालायला बसते आणि तुकडा लागेल तसा जोडत, त्याचीही कड मुडपत, चारही बाजूंनी फिरत मध्याकडे येते. तुकडा जोडणं आणि थर शिवणं एकाच टाक्यात होतं. कड सुरुवातीलाच बंद झालेली असल्यामुळे काम मध्येच ठेवलं तरी सुटी दशी लोंबत नाही. हात फिरत राहतो तसा कापडाचा फुगवटा आतल्या बाजूला सरकत जातो आणि बसवत नेता येतो. शेवटी कोपऱ्यांना घडीच्या तुकड्यांची फुलं लावतात, त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. मराठी मुलखातल्या अनेक गोधड्यांतही टाक्यांच्या ओळी अशाच कडेकडेने आत येतात. शिवाय आपल्याकडे गोधडी विरली की ती उसवत नाहीत. तिलाच पोटात घालून वरून नवं पातळ चढवतात. एकदा पुरी झालेली वस्तू पुढच्या वस्तूचा कच्चा माल होते, ही शिवणकलेतली फार शहाणी योजना आहे.

आता शेवटचा आक्षेप: गोधडी कापडाच्या मुबलकतेने वाढली असेल, तर आज कपड्यांनी कपाटं भरलेली असताना ती मागे का पडली? कारण मुबलकता कशाची, हे महत्त्वाचं. टेरिलीन, नायलॉन, पॉलिएस्टर आलं आणि घरातलं जुनं कापड बदललं. हे धागे धुऊन फुलत नाहीत, घाम टिपत नाहीत; त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात आणि टाक्यापाशी चुण्या पडतात. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या सावरल्या नाहीत. दरम्यान यंत्रमागांवरचं कृत्रिम धाग्याचं स्वस्त कापड सगळीकडे पोचलं. सोलापुरी चादर आणि तयार ब्लँकेट बाजारात सहज मिळू लागलं. लोकांची हौस संपली म्हणून गोधडी थांबली, असं मला वाटत नाही. तिच्या जोगतं सूत घरात जुनं होईनासं झालं, हे मोठं कारण आहे.

म्हणून ज्यांना घरी गोधडी शिवायची आहे, त्यांनी नमुन्यांच्या आधी कापडाची निवड करावी: सुती साड्या, सुती सदरे, बाळंत्यांचं मलमल वेगळं ठेवावं, कृत्रिम धागा निग्रहाने बाजूला काढावा, आणि काम कडेपासून आत न्यावं, म्हणजे ते पुरं होतं. आणि ज्यांना गोधडी विकत घ्यायची आहे, त्यांनी ती चिंध्यांची आहे म्हणून स्वस्त असावी, हा आग्रह सोडावा. चिंध्या गिरणीने आणि शिंप्याने दिल्या, पण कोणता तुकडा कुठे, किती थर, टाका किती दाट, हे ठरवलं शिवणाऱ्या बाईने. गोधडीच्या कुळात गरिबीचं नाव ठळक लिहिलं जातं. त्या बाईच्या कामाचं नाव त्याहून ठळक लिहिलं जायला हवं, आणि त्याची मजुरीही त्याच हिशेबाने मोजली जायला हवी.