कळफलकाचा उतार
संगणकाच्या कळफलकाचा टेबलाशी होणारा कोन. मागचे पाय उघडले की मागची कड उचलली जाते, मनगट वर वळते आणि मनगटातील मधल्या नसेवरचा दाब वाढतो. पाय मिटून फलक सपाट ठेवल्यास किंवा मागून किंचित खाली झुकवल्यास मनगट बरेचसे सरळ राहते. मात्र कोपर फलकाच्या पातळीला हवे. चढा उतार टंकयंत्राचा वारसा; तिथे कळांच्या ओळी पायऱ्यांसारख्या चढत जात.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील टायपिंग क्लासमध्ये मनगटाचा हा प्रश्न रोजचाच. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दगतीच्या परीक्षांसाठी मुले तासन् तास सराव करतात. टेबल उंच, खुर्ची प्लास्टिकची; मग कोपर खाली, मनगट टेबलाच्या कडेवर टेकलेले. अशा वेळी फलकाचे पाय मिटून भागत नाही, आधी बैठक उंच करावी लागते. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळरचनेत ‘ख’, ‘घ’साठी शिफ्ट लागते. त्यासाठी करंगळी ताणताना मनगट बाजूला वळते, त्यावर उताराचा इलाज चालत नाही. पाय उघडण्याची सवय बहुधा अक्षरे नीट दिसावीत म्हणून लागते. न बघता टंकणाऱ्याला त्या पायांचा उपयोग जवळजवळ शून्य.