छत्र, छत्री आणि छत्रपती

आज आपण एकच शब्द घेऊ, छत्री. जून आला की माळ्यावरून काढायची, काडी मोडली की दुरुस्त करून आणायची वस्तू. पण गंमत बघा, या शब्दाच्या मुळाशी पाऊस नाहीच. संस्कृतात 'छद्' म्हणजे झाकणे. त्यावरून छत्र आणि छत्रावरून छत्री. इंग्रजी 'अंब्रेला'ही लॅटिन 'उंब्रा'वरून आला, म्हणजे सावली. विद्यार्थ्याला 'छात्र' म्हणतात तेही छत्रावरूनच. पाणिनीच्या सूत्रांवरची काशिकावृत्ती सांगते, गुरूचे दोष झाकतो तो छात्र! (हे आजच्या वर्गात सांगून बघा.)

आपल्या कोकणातल्या शेतकऱ्याला पावसात छत्री कुठली? लावणीला पाठीवर इरलं, नाहीतर डोक्यावर घोंगडीची खोळ. छत्र असायचं देवाचं आणि राजाचं. आणि ते स्वतः धरायचं नसतं, दुसऱ्यानं आपल्यावर धरायचं असतं.

६ जून १६७४ ला रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला, ते छत्रपती झाले. गड, मुलूख, फौज आधीपासून होतीच. पण बादशाही दरबारांच्या लेखी ते एका आदिलशाही सरदाराचे पुत्र. डोक्यावर छत्र आलं याचा अर्थ, आता यावर दुसरा धनी नाही. शिवराई हातात घेऊन बघा: एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. तांब्याचं नाणं ते, म्हणजे ही घोषणा बाजारात भाजी घेणाऱ्याच्याही मुठीत पोचली. कुणी 'छत्रपती'चं नातं 'क्षत्रप'शी लावतात, ते आम्हाला अजिबात पटत नाही. क्षत्रप हा शब्द जुन्या इराणीतून आलेला. क्षत्रप म्हणजे सम्राटाच्या वतीनं प्रांत सांभाळणारा अधिकारी. अर्थ नेमका उलटा!

आता, छत्र हा मान ठरला की तो कुणाला द्यायचा नाही हेही ठरतं. त्यासाठी जरा दक्षिणेकडे, त्रावणकोर संस्थानात जाऊ. तिथे एकोणिसाव्या शतकातही नाडरांना छत्री धरायला, पायात वहाणा घालायला, सोन्याचे दागिने ल्यायला मनाई होती. वर्षाला दोन-दोन पावसाळे येणारा मुलूख तो. आणि छत्री तरी कसली? ताडाच्या कुळातल्या झाडांच्या पानांची. ताडावर चढून रस उतरवणं हा तर नाडरांचाच पिढीजात धंदा.