खिडकीच्या चौकटीचं माप

इंटरनेटवरचं एखादं पान वाचताना आपली नजर मजकुरावर असते. त्या मजकुराच्या वर एक पट्टी असते, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. मागं-पुढं जाण्याची बटणं, पत्ता लिहायची जागा, आणखी चार चित्रं. या पट्टीला टूलबार म्हणतात. ती किती उंच आहे, हा प्रश्न तुम्हा-आम्हाला कधी पडत नाही. संकेतस्थळं तयार करणाऱ्यांना मात्र या प्रश्नानं पंचवीस-तीस वर्षं छळलं. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या मोजमापामागं, पडद्यावर सत्ता कुणाची, हा मोठा प्रश्न दडलेला आहे.

गोष्ट सुरू होते १९९५ मध्ये. अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत एका छोट्या भाषेचा पहिला नमुना तयार केला. तिचं नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि अखेर डिसेंबरमध्ये जाहीर झालं ते जावास्क्रिप्ट. तोवर इंटरनेटवरचं पान छापील कागदासारखं स्थिर होतं. या भाषेमुळं त्यात जीव आला. पानाला स्वतःहून नवी खिडकी उघडता येऊ लागली. इतकंच नव्हे, तर त्या खिडकीला टूलबार नको, पत्त्याची जागा नको, असं फर्मानही सोडता येऊ लागलं. जाहिरातदारांनी त्याचा किती फायदा उठवला, हे त्या काळात सायबर कॅफेत बसलेल्यांना सांगायला नको!

मग माप कशाला हवं होतं? त्या वेळी बहुतेक पडदे आठशे बाय सहाशे पिक्सेलचे, म्हणजे तेवढ्या ठिपक्यांचे असत. सहाशेतले दीडशे ठिपके पट्ट्यांनीच खाल्ले, तर चित्र मावणार कुठं? १९९७ साली नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीनं याला सोपं उत्तर दिलं. खिडकीची बाहेरची उंची ‘आउटरहाइट’ आणि आतल्या पानाची ‘इनरहाइट’. समजा, बाहेरची ७४० आणि आतली ६०० भरली, तर उरलेले १४० ठिपके चौकटीचे. वजाबाकी तिसरीतल्या मुलाचीच. पण त्या १४० मध्ये वरची पट्टी किती, खालची किती आणि कडा किती, हे मात्र त्यातून कळत नसे.

त्यात मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररनं वेगळीच वाट धरली. आतली उंची सांगण्याची त्याची रीत निराळी, आणि बाहेरची तर तो सांगतच नसे. प्रोग्रामरनी मग एक युक्ती काढली. खिडकी ठरावीक मापाची करायची, लगेच आतली उंची मोजायची, फरक काढायचा आणि खिडकी पूर्ववत करायची. पाहणाऱ्याला वाटे, पडदा मध्येच का बरं दचकला? डिसेंबर २००० मध्ये गूगलनं आपला टूलबार आणला, इतरांचेही आले. एकाच्या संगणकावर एक पट्टी, दुसऱ्याच्या तीन. ठोकताळ्यानं उंची धरून चालण्याची सोय संपली.

इथवर ही कारागिरांची कुरबुर होती. पुढं तिला गुन्ह्याचं वळण लागलं. २००४ च्या सुमारास भामट्यांनी बँकांच्या पानांसारखी हुबेहूब पानं तयार केली. पण पत्ता खोटा दिसे, त्याचं काय करायचं? मग त्यांनी बिनचौकटीची चिमुकली खिडकी उघडून खऱ्या पत्त्यावर खोट्या पत्त्याची चिठ्ठी डकवली. ती नेमकी जागेवर बसवायची, तर पट्टीची उंची अचूक हवी. माप चुकलं, तर चोरी उघडी!

ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनं अशा खिडक्यांना वेसण घातली. चौकटीवर झाकण घालायला त्यांना मनाई झाली. २००६ च्या सातव्या इंटरनेट एक्स्प्लोररनं प्रत्येक खिडकीत पत्ता दिसलाच पाहिजे, असा नियम केला. पानाची हद्द पानापुरती आणि वरची पट्टी वाचणाऱ्याची, हे तत्त्व तिथून रुजलं. मापांचा मसुदा २००८ मध्ये सर्वांसाठी एक झाला आणि २०११ साली नवव्या आवृत्तीत इंटरनेट एक्स्प्लोररनंही इनरहाइट-आउटरहाइट स्वीकारले.

प्रश्न मिटला म्हणेपर्यंत हातात मोबाइल आला. इथं पान वर सरकवलं की पट्टी आकसते, खाली ओढलं की पुन्हा फुलते. म्हणजे मोजायची वस्तूच लहान-मोठी होणारी! ‘पडद्याच्या पूर्ण उंचीइतकं पान’ असं सांगितलं, तर तळाचं बटण पट्टीखाली लपे. अर्ज भरणारा ‘पुढे जा’ कुठं आहे ते शोधत बसे. अखेर २०२२ मध्ये ब्राउझरनी तीन नवी मापं दिली. एक पट्टी उघडी असतानाचं, दुसरं मिटलेली असतानाचं आणि तिसरं तिच्याबरोबर बदलणारं. मोजण्याचं काम पानाकडून पुन्हा ब्राउझरकडे गेलं.

आणखी एक गोष्ट. खिडकीची नेमकी मापं ही माणसाची खूणही ठरू शकतात. अनेक बारीकसारीक मापं जुळवून, नाव न विचारताही कोण आलं ते ओळखता येतं. म्हणूनच गुप्ततेसाठी वापरला जाणारा टॉर ब्राउझर २०१९ पासून पानाभोवती रिकामी किनार ठेवून ही मापं मुद्दाम ठोकळ करून सांगतो.

घराच्या खिडकीची चौकट सुतार मोजतो, पाहुणा नाही. पाहुणा चौकट मोजू लागला, तर त्याचा हेतू विचारावा लागतो. पुढच्या वेळी एखादं पान पैशाचा व्यवहार करायला सांगेल, तेव्हा मजकुराआधी त्या पट्टीतला पत्ता जरूर वाचा. ती जागा तुमच्यासाठी राखून ठेवायला बरीच वर्षं गेली आहेत.