सहा तास जुनी प्रत

गिटलॅब म्हणजे प्रोग्रामरांनी आपला कोड ठेवायची आणि त्यावर मिळून काम करायची जागा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिचा मुख्य डेटाबेस पुसला गेला. कंपनीने लपवाछपवी केली नाही. काम चालू असतानाच्या नोंदीही सगळ्यांना वाचायला खुल्या ठेवल्या, म्हणून आज तासातासाचा हिशेब मांडता येतो. खालच्या वेळा यूटीसीतल्या आहेत. भारतीय वेळ हवी असेल तर साडेपाच तास मिळवायचे.

१७:२०

एका इंजिनियरला डेटाबेसवरचा भार वाटून देणारं नवं सॉफ्टवेअर स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरांवर, तपासून बघायचं होतं. त्यासाठी ताजा डेटा हवा, म्हणून त्याने प्रॉडक्शन डेटाबेसचा, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसचा, एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेतला. असा स्नॅपशॉट एरवी चोवीस तासांतून एकदा आपोआप निघायचा. हा जास्तीचा होता, हाताने घेतलेला. तो कुठल्या वेळापत्रकात नव्हता, कुठल्या धोरणातही नव्हता.

१९:००

डेटाबेसवरचा भार वाढू लागला. संशय स्पॅम टाकणाऱ्यांवर गेला आणि तो खोटाही नव्हता. पण नंतर आणखी एक कारण सापडलं. कुणा खोडसाळाने गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध गैरवापराची तक्रार केली होती. ते खातं चुकून काढून टाकायच्या रांगेत लागलं आणि त्याचा सगळा डेटा पुसण्याचं काम पार्श्वभूमीवर सुरू झालं. कंपनी आपल्याच माणसाला पुसत होती आणि सर्व्हर का धापा टाकतोय ते शोधत होती.

२२:०० ते २३:००

डेटाबेस दोन होते. डीबी-१ मुख्य, डीबी-२ त्याची सतत अद्ययावत होणारी जुळी प्रत. भार इतका वाढला की डीबी-२ मागे पडला. त्याला हव्या असलेल्या बदलांच्या नोंदी डीबी-१ ने तोवर काढूनही टाकल्या होत्या आणि त्या दुसरीकडे कुठे साठवायची सोय केलेली नव्हती. आता मार्ग एकच: डीबी-२ रिकामा करायचा आणि सगळा डेटा पहिल्यापासून भरायचा.

ते काम काही केल्या होईना. आधी तक्रार आली, एका वेळी डेटा पाठवणाऱ्या प्रक्रियांची मर्यादा कमी आहे. ती ३ वरून ३२ केली, तर डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर, पोस्टग्रेस, सुरूच व्हायला तयार नाही, कारण जोडण्यांची मर्यादा ८,००० ठेवलेली होती. ती २,००० वर आणली. पोस्टग्रेस उठलं. मग भरणीची आज्ञा दिली, तर ती पडद्यावर चकार शब्द न काढता नुसती थांबून राहिली. खरं तर ती मुख्य सर्व्हरकडून डेटा यायची वाट बघत होती आणि हे वागणं नेहमीचंच होतं. पण तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. नोंदींत ज्याला ‘टीम-मेंबर-१’ म्हटलं आहे, तो इंजिनियर त्या रात्री काम आटोपून उठण्याच्या बेतात होता. ही भानगड निघाली म्हणून थांबला.

२३:२५ च्या सुमारास

त्याला वाटलं, डीबी-२ वरची डेटाची डिरेक्टरी रिकामी असली तरी ती आहे म्हणूनच आज्ञा अडून बसली असावी. त्याने ती उडवायची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं की समोरची खिडकी डीबी-१ ची आहे.

२३:२७ ला नोंद पडली: पुसणं थांबवलं. सुमारे ३१० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

२३:३० नंतर

इथवरची गोष्ट कुठल्याही रात्रपाळीत घडू शकते. खरी पडझड यानंतर दिसली, बॅकअप शोधायला निघाल्यावर.

डीबी-२ तर आधीच रिकामा केलेला. डेटाबेसचा रोजचा पूर्ण डंप, म्हणजे फाइलीत उतरवलेली प्रत, अमेझॉनच्या एस-३ या क्लाउडमधल्या साठ्यावर जायला हवा होता. तिथली बकेट, म्हणजे त्यासाठीचा कप्पा, उघडली तर आत काहीच नाही. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप घेणारा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळे तो रोज चूक दाखवून बंद पडत होता. ती चूक कळवणारे ईमेलही निघत होते. पण मेल खरा आहे का हे बघणारी डीमार्क ही तपासणी कंपनीने लागू केली होती आणि या आपोआप निघणाऱ्या ईमेलांवर लागणारी सही नव्हती, म्हणून ते दारातच परत फिरवले जात होते. घंटा वाजत होती, ऐकू कुणालाच येत नव्हती.

आणि अझूरचे डिस्क स्नॅपशॉट? गिटलॅबचे सर्व्हर मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडवर होते आणि फाइली साठवणाऱ्या एनएफएस सर्व्हरांना ते स्नॅपशॉट चालू होते. डेटाबेसच्या सर्व्हरांना नव्हते, कारण बाकीचे उपाय पुरेसे आहेत असं गृहीत धरलेलं होतं.

मला या सबंध रात्रीतली सर्वांत बोलकी गोष्ट ही वाटते. सोय होती, खातं तेच होतं, शेजारच्या मशीनला तीच सोय चालू होती. कुणाला बॅकअप मिळणार हे मशीनगणिक, माणसागणिक ठरत होतं आणि कुणाला मिळत नाही हे एका नजरेत दाखवणारं काहीच नव्हतं. टॅग लागतात ते इथे. क्लाउडमधल्या प्रत्येक मशीनला, डिस्कला, डेटाबेसला अशी चिठ्ठी लावता येते: बॅकअप = तासाला, वातावरण = प्रॉडक्शन, मालक = अमुक टीम. मग धोरण मशीनच्या नावावर चालत नाही, चिठ्ठीवर चालतं. ही चिठ्ठी असलेल्या सगळ्यांचा स्नॅपशॉट दर तासाला घे, इतके दिवस ठेव, मग काढून टाक. उद्या नवं मशीन उभं राहिलं तर तेही त्यात आलं. अमेझॉनने डिस्कच्या स्नॅपशॉटसाठी अशी सोय जुलै २०१८ मध्ये आणली आणि जानेवारी २०१९ मध्ये एडब्ल्यूएस बॅकअप ही स्वतंत्र सेवा. अझूरमध्येही आता ठरावीक टॅगच्या मशीनला धोरण आपोआप बॅकअप जोडून देतं.

पण लग्नाच्या हॉलमध्ये सामानावर ‘मुलाकडचे’, ‘मुलीकडचे’ अशा चिठ्ठ्या लावतात, तेव्हा ज्या बॅगेवर काहीच नसतं ती हॉलवरच राहते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला तिचा पत्ता नसतो. टॅगचं हेच होतं. चिठ्ठी नसलेलं मशीन कुठलीही चूक दाखवत नाही, ते फक्त यादीत येत नाही. शिवाय अमेझॉनच्या टॅगमध्ये इंग्रजी मोठं अक्षर वेगळं, छोटं वेगळं. एकाने एका तऱ्हेने लिहिलं, दुसऱ्याने दुसऱ्या, की अर्धी मशीनं धोरणाबाहेर. म्हणून जाणकार उलट्या बाजूने सुरुवात करतात. बॅकअप सगळ्यांनाच, नको असेल त्याने तसा टॅग लावायचा, आणि टॅगच नसेल तर मशीन उभंच राहू द्यायचं नाही.

अशा धोरणाने डीबी-१ चा तासाभरापूर्वीचा स्नॅपशॉट हाती असता. एस-३ चा डंप मात्र टॅगनेही वाचला नसता. त्याचं वेळापत्रक होतं, तो रोज सुरूही होत होता. अमुक गोष्टीचा बॅकअप घ्यायचा इतकंच टॅग सांगतो. घेतलेला बॅकअप परत उभा राहतो का, हे उभा करून बघितल्याशिवाय कळत नाही.

१ फेब्रुवारी, मध्यरात्रीनंतर

उरली होती १७:२० ची ती हाताने घेतलेली प्रत, स्टेजिंगवर. ती प्रॉडक्शनवर आणायला तासांमागून तास गेले, कारण स्टेजिंगच्या डिस्क स्वस्तातल्या होत्या आणि सेकंदाला साधारण ६० मेगाबिटच्या वर जाईनात. नेटवर्क मोकळं, प्रोसेसर मोकळे, अडलं ते डिस्कपाशी. कंपनीने या कामाचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केलं. एका वेळी सुमारे ५,००० लोक ते बघत होते. भारतात पहाटेचे साडेपाच वाजून गेले होते. पुण्या-बंगळुरात ज्यांचं काम गिटलॅबवर चालायचं, त्यांचा अख्खा बुधवार यात गेला.

१७:०० ते १८:००

डेटाबेस उभा राहिला, मग वेबहुक, म्हणजे बदल झाला की दुसऱ्या सेवांना आपोआप कळवणाऱ्या जोडण्या, परत जोडले गेले, संध्याकाळी साइट सुरू झाली. हरवलेल्या नोंदींचे क्रमांक नव्या नोंदींना मिळू नयेत म्हणून सगळे क्रमांक एक लाखाने पुढे ढकलले. कोडची भांडारं वेगळ्या सर्व्हरांवर असल्याने ती शाबूत राहिली. पण सहा तासांत डेटाबेसमध्ये आलेलं सगळं गेलं: अंदाजे ५,००० प्रकल्पांची नोंद, ५,००० प्रतिक्रिया, ७०० नवे वापरकर्ते.

पुढे कामांची जी यादी निघाली, तिच्यात प्रॉडक्शन आणि स्टेजिंगच्या खिडक्या ओळखू याव्यात म्हणून रंग बदलायचे होते, डेटाबेसचे स्नॅपशॉट तासाला घ्यायचे होते, अझूरचे डिस्क स्नॅपशॉट डेटाबेसलाही लावायचे होते, बॅकअप परत उभा करून बघण्याची चाचणी आपोआप चालवायची होती. आणि एक काम तंत्राचं नव्हतंच: डेटा टिकवण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर करायची. तोवर ती कुणाच्याच नावावर नव्हती.