हुडीला मज्जाव : ब्ल्यूवॉटरची आचारसंहिता आणि मालकाचा हक्क

मे २००५ मध्ये इंग्लंडमधील एका बाजारसंकुलाने आपल्या प्रवेशद्वाराशी नवी आचारसंहिता लावली आणि पाठीमागे टोपी जोडलेला एक साधा सुती स्वेटशर्ट रातोरात राष्ट्रीय वादाचा विषय झाला. संकुलाचे नाव ब्ल्यूवॉटर आणि वस्त्राचे नाव हुडी. गुन्हेगारीच्या भीतीपोटी तरुणांच्या पोशाखावर निर्बंध घालण्याचा विषय निघाला, की आजही हेच उदाहरण पहिल्यांदा दिले जाते. मात्र या वादात कपड्याचीच चर्चा अधिक झाली. हा नियम करण्याचा अधिकार मालकाला मिळाला कोठून, हा प्रश्न तुलनेने मागे राहिला.

ब्ल्यूवॉटर हे लंडनच्या पूर्वेस, केंट परगण्यातील ग्रीनहाइथ येथे आहे. खडू काढून पोकळ झालेल्या जुन्या खाणीत ते उभारले गेले आणि मार्च १९९९ मध्ये खुले झाले. तीनशेहून अधिक दुकाने, सुमारे १३ हजार मोटारी मावतील एवढा वाहनतळ आणि सभोवती खाणीचे पांढरे कडे अशी त्याची रचना. सहज चालता चालता वळून आत शिरावे असे हे ठिकाण नाही; तेथे मुद्दाम जावे लागते. तरीही शनिवार-रविवारी आसपासच्या गावांतील मुलामुलींचे घोळके तेथे जमत. आपल्याकडे नाक्यावरचा कट्टा असतो, तसा त्यांचा तो कट्टा होता. फरक एवढाच की या कट्ट्याला छप्पर होते, उबदार हवा होती आणि मालकही होता.

आचारसंहितेतील बहुतेक कलमे कोणालाही मान्य व्हावीत अशी होती. शिवीगाळ करू नये, इतरांना धाक वाटेल असे वागू नये, परवानगीवाचून पत्रके वाटू नयेत, इत्यादी. गाजले ते एकच कलम. डोके किंवा चेहरा झाकणारी हुडी, बेसबॉल कॅप यांसारखी वस्त्रे संकुलात चालणार नाहीत, असे त्यात म्हटले होते. धार्मिक कारणासाठी डोक्यावर घेतल्या जाणाऱ्या वस्त्रांना सूट होती. हुडी अंगात असण्यास हरकत नाही, टोपी डोक्यावर ओढलेली नसावी, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होता. त्याच संकुलातील दुकानांत हुडी विक्रीला टांगलेल्या होत्या आणि ही विसंगती टिपण्यास वृत्तपत्रांनी अजिबात वेळ लावला नाही.

नियम आला तो मुहूर्तही महत्त्वाचा होता. ५ मे रोजी सार्वत्रिक निवडणूक होऊन टोनी ब्लेअर तिसऱ्यांदा पंतप्रधान झाले होते आणि सार्वजनिक जीवनातील ‘आदर’ पुन्हा प्रस्थापित करणे हा त्यांनी आपल्या कार्यक्रमाचा भाग बनविला होता. १२ मेच्या पत्रकार परिषदेत त्यांनी ब्ल्यूवॉटरच्या निर्णयाला पाठिंबा दिला. उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांनी तर महामार्गावरील एका थांब्यावर हुडीधारी तरुणांच्या टोळक्याशी गाठ पडल्याचा स्वतःचाच अनुभव सांगितला. एका खासगी व्यवस्थापनाचा नियम अशा रीतीने सरकारच्या धोरणाचे प्रतीक बनला. बंदीनंतर ग्राहकांची संख्या वाढल्याचे संकुलाने जाहीर केले. तथापि, त्या दिवसांत मिळालेली फुकट प्रसिद्धी लक्षात घेता ही वाढ नेमकी कशामुळे झाली, हे सांगणे अवघड आहे.

कॅमेऱ्यापुढील टोपी

हुडीचा जन्म गुन्हेगारीत झालेला नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत थंडीत काम करणाऱ्या मजुरांसाठी आणि खेळाडूंसाठी ती तयार होऊ लागली. पुढे १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हिप-हॉप संस्कृतीने ती उचलली आणि तेथून ती जगभरच्या तरुणांच्या अंगावर आली. विद्यार्थी, धावपटू, संगणक कंपन्यांचे मालक असे सारेच ती वापरतात. मग ब्रिटनमध्येच तिचा एवढा धसका का घेतला गेला?

त्याचे एक कारण कॅमेऱ्यांत सापडते. फेब्रुवारी १९९३ मध्ये लिव्हरपूलजवळील बूटल येथील एका बाजारसंकुलातून दोन वर्षांच्या बालकाचे अपहरण झाले आणि नंतर त्याचा खून झाला. अपहरण करणारे दोघेही दहा वर्षांचे होते. त्यांच्याबरोबर चालत जाणाऱ्या त्या बालकाचे संकुलातील कॅमेऱ्याने टिपलेले धूसर चित्र देशभर दाखविले गेले. त्यानंतर कॅमेरे बसविण्याची लाटच आली. १९९६ ते १९९८ या काळात ब्रिटिश गृह खात्याच्या गुन्हे प्रतिबंधक निधीपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वाटा कॅमेऱ्यांवर खर्च झाला. कॅमेऱ्यावर एवढा भरवसा ठेवणाऱ्या व्यवस्थेला चेहरा झाकणारी टोपी खटकणार, हे उघडच होते. तेव्हा नियमाला व्यवहार्य आधारच नव्हता, असे म्हणता येणार नाही. चोरी झालीच, तर चेहरा दिसायला हवा, ही दुकानदाराची अपेक्षा रास्त आहे.

परंतु भीतीची वाढ आणि गुन्ह्यांची वाढ या दोन गोष्टी एकत्र चालत नव्हत्या. ‘ब्रिटिश क्राइम सर्व्हे’ या अधिकृत पाहणीनुसार इंग्लंड आणि वेल्समधील गुन्ह्यांनी १९९५ मध्ये शिखर गाठले आणि २००४-०५ पर्यंत त्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक घट झाली. त्याच पाहणीत देशातील गुन्हे वाढत आहेत, असे मानणारे लोक मात्र बहुसंख्य होते. पेठेतल्या म्हाताऱ्या बाईला घोळक्यासमोरून जाताना वाटणारी धास्ती खोटी नव्हती; ती आकड्यांनी कमी होणारी नव्हती, इतकेच.

रस्ता नव्हे, खासगी आवार

ब्रिटनमध्ये रस्त्यावर हुडी घालणे हा गुन्हा नव्हता आणि आजही नाही. चेहऱ्यावरचे आच्छादन काढावयास लावण्याचा अधिकार पोलिसांना आहे. तो १९९४ च्या फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यात २००१ मध्ये घातलेल्या कलमातून मिळतो. पण त्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्याने विशिष्ट भाग आणि विशिष्ट मुदत ठरवून आधी मंजुरी द्यावी लागते. अंगझडतीच्या बाबतीत १९८४ च्या पोलीस कायद्याखालील संहिता तर अधिकच स्पष्ट आहे. केवळ वय, वर्ण किंवा बाह्य स्वरूप यांवरून संशय घेता येत नाही. त्याला खात्रीशीर माहितीची जोड हवी.

बाजारसंकुलाच्या दारात हे सारे संरक्षण संपते. तेथील मार्गिका रस्त्यासारख्या दिसतात, बाके असतात, कारंजी असतात. पण कायद्याच्या दृष्टीने ते खासगी आवार असते. आत येण्याची ग्राहकाला मिळालेली मुभा ही मालकाने गृहीत धरून दिलेली परवानगी होय आणि ती तो केव्हाही काढून घेऊ शकतो. ‘बाहेर जा’ असे सांगितल्यावरही थांबणारा माणूस अतिक्रमण करणारा ठरतो. सुरक्षारक्षकाकडे पोलिसांचे अधिकार नसतात, परंतु अशा व्यक्तीला वाजवी बळ वापरून बाहेर काढण्याचा अधिकार मालकाच्या वतीने त्याला असतो. म्हणजे जे कारण पोलिसाला पुरेसे नाही, ते रक्षकाला पुरते. किंबहुना रक्षकाने कारण द्यावे, असेही बंधन नाही.

हे ब्ल्यूवॉटरच्या दहा वर्षे आधीच न्यायालयात ठरले होते. नॉर्दम्प्टनशायरमधील वेलिंगबरो या गावाच्या मध्यभागी असलेल्या स्वान्सगेट संकुलातून काही कृष्णवर्णीय तरुणांना गैरवर्तनाच्या आरोपावरून कायमचा मज्जाव करण्यात आला होता. गावाचा मध्यच संकुलाने व्यापलेला असल्याने या बंदीचा अर्थ गावातल्या बाजारपेठेलाच मुकणे असा होता. १९९५ मध्ये अपील न्यायालयाने मालकाचा हक्क उचलून धरला. तरुणांनी युरोपीय मानवाधिकार आयोगाकडे दाद मागितली. तेथे १९९७ मध्ये त्यांचा अर्ज दाखलच करून घेतला गेला नाही. एकत्र जमण्याच्या स्वातंत्र्यात निव्वळ गप्पाटप्पांसाठी जमणे येत नाही, असे आयोगाचे म्हणणे पडले. सभा घेणाऱ्याला जे संरक्षण मिळते ते मित्रांबरोबर नुसते उभे राहणाऱ्याला नाही, असा त्याचा निष्कर्ष निघतो आणि सोळा-सतरा वर्षांची मुले संकुलात येतात ती बहुधा नुसती उभी राहण्यासाठीच.

सभेचे संरक्षणही संकुलात फारसे टिकत नाही, हे २००३ मध्ये दिसून आले. ईशान्य इंग्लंडमधील वॉशिंग्टन या नियोजित शहराचे मध्यवर्ती संकुल सरकारी विकास महामंडळाने बांधले आणि १९८७ मध्ये खासगी कंपनीला विकले. पुढे क्रीडांगणावर बांधकाम होऊ नये, यासाठी सह्या गोळा करणाऱ्या नागरिकांना तेथे परवानगी नाकारण्यात आली. ॲपलबी खटला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सहा विरुद्ध एक अशा मताने मालकाच्या बाजूने कौल दिला. सह्या गोळा करण्यास अन्य जागा उपलब्ध होत्या, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते.

मुंबईकरांना हा प्रश्न अगदीच परका नाही. ब्ल्यूवॉटर सुरू झाले त्याच १९९९ साली हाजीअलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ हा मॉल उघडला आणि गर्दी आवरण्यासाठी क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल फोन जवळ असलेल्यांनाच विनाशुल्क प्रवेश, इतरांना तिकीट, असा नियम काही काळ लावण्यात आला. पोशाखावरून अडविण्याचा प्रकार जुलै २०२४ मध्ये बंगळुरूत घडला. तेथे धोतर नेसलेल्या वृद्ध शेतकऱ्याला एका मॉलमध्ये प्रवेश नाकारल्याचे चित्रीकरण सर्वत्र पसरल्यानंतर कर्नाटक सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवण्याचा आदेश दिला. त्या शेतकऱ्याच्या बाजूने सारे राज्य उभे राहिले. टोपी ओढलेल्या मुलाच्या वाट्याला अशी सहानुभूती सहसा येत नाही.

वयाची अडचण

ब्रिटनमधील भेदभावविरोधी कायद्यांनी मालकाच्या हक्काला काही मर्यादा घातल्या आहेत. वर्ण किंवा धर्म यांवरून ग्राहकाला अडविता येत नाही. ब्ल्यूवॉटरच्या नियमात धार्मिक वस्त्रांचा अपवाद होता, हे या संदर्भात पाहावे लागते. २०१० च्या समता कायद्याने वयावरून होणारा भेदभावही कक्षेत आणला. मात्र वस्तू व सेवांच्या बाबतीत हे संरक्षण १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपुरतेच आहे. ज्यांना दारात सर्वाधिक अडविले जाते, तेच नेमके कायद्याच्या बाहेर राहिले. याला योगायोग म्हणणे कठीण आहे. कायदा करताना ही वयोमर्यादा जाणूनबुजून घालण्यात आली.

त्या वर्षांत तरुणांना हटविण्याचे अन्य मार्गही निघाले. २००३ च्या समाजविघातक वर्तन कायद्याने पोलिसांना ठरावीक भागातून घोळके पांगविण्याचे, तसेच रात्री नऊनंतर सोबत मोठे माणूस नसलेल्या सोळा वर्षांखालील मुलांबाबत कारवाई करण्याचे अधिकार दिले होते. २०१४ च्या नव्या कायद्याने ती व्यवस्था बदलली. २००५ मध्येच वेल्समधील हॉवर्ड स्टेपलटन यांनी ‘मॉस्किटो’ हे यंत्र आणले. त्यातून निघणारा अतिशय तीव्र, कर्कश स्वर साधारणपणे पंचविशीच्या आतल्यांनाच ऐकू येतो. वय वाढते तशी ती श्रवणशक्ती मंदावते. दुकानाबाहेर ते लावले, की मुले निघून जातात आणि मोठ्यांना काहीच कळत नाही. इंग्लंडच्या बाल आयुक्तांनी २००८ मध्ये त्याविरुद्ध मोहीम काढली. हुडीच्या नियमात निदान टोपी मागे सारण्याचा पर्याय तरी होता. या यंत्रापुढे तोही नव्हता.

राजकारणात या विषयाला वेगळे वळण देण्याचा प्रयत्न जुलै २००६ मध्ये विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरून यांनी केला. हुडी ही अनेक मुलांसाठी आक्रमणापेक्षा बचावाची वस्तू असते, रस्त्यावर कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ती घातली जाते, अशा आशयाचे भाषण त्यांनी केले. ‘हुडीवाल्याला मिठी मारा’ ही त्यांच्या नावावर खपलेली घोषणा भाषणात कोठेही नव्हती. ती त्यांची टर उडविण्यासाठी चिकटविण्यात आली. ऑगस्ट २०११ मध्ये इंग्लंडमध्ये दंगली उसळल्या, तेव्हा पंतप्रधान होते कॅमेरूनच आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर टोप्या ओढलेले लुटारू दिसत होते. मिठीचा विषय त्यानंतर मागे पडला.

कपड्यावरून माणूस ओळखण्याची किंमत अमेरिकेत फार मोठी ठरली. फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लोरिडातील सॅनफर्ड येथे ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलगा दुकानातून परतत असताना वस्तीत गस्त घालणाऱ्या एका रहिवाशाच्या गोळीला बळी पडला. त्याच्या अंगात हुडी होती. त्या घटनेच्या निषेधार्थ मार्चमध्ये काँग्रेस सदस्य बॉबी रश हुडी घालून सभागृहात बोलावयास उभे राहिले; टोपीविषयीच्या नियमावर बोट ठेवून त्यांना बाहेर नेण्यात आले. गोळी झाडणाऱ्याची २०१३ मध्ये निर्दोष मुक्तता झाली.

चेहरा दिसलाच पाहिजे, हा ब्ल्यूवॉटरचा आग्रह पंधरा वर्षांनी एका वेगळ्याच कारणाने बाजूला सारावा लागला. कोरोनाच्या साथीत २४ जुलै २०२० पासून इंग्लंडमधील सर्व दुकानांत आणि बाजारसंकुलांत नाक-तोंड झाकणे सक्तीचे झाले आणि उघड्या चेहऱ्याने शिरणाऱ्याला दंडाची तरतूद करण्यात आली. अकरा वर्षांखालील मुलांना त्यातून सूट होती.