आलेख किती मोठा? इंच आणि ठिपके यांची कहाणी

पडद्यावर सुबक दिसणारा आलेख कागदावर छापला की कधी त्याची अक्षरे मुंगीएवढी होतात, तर कधी रेषा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. दोष छपाईचा नसतो. आलेखाचा आकार मोजण्याच्या दोन रीती आहेत आणि त्या वेगवेगळ्या यंत्रांबरोबर आल्या.

पहिली रीत लांबीची. अमेरिकेतील कॅलकॉम्प कंपनीने १९५९ मध्ये ‘५६५’ हे आलेखन-यंत्र आणले. त्यात दंडगोलावरचा कागद मागेपुढे फिरे आणि पेन आडवे सरके. एक पाऊल १/१०० इंचाचे. ५ इंचांचा अक्ष हवा असेल तर ५०० पावले. आकार म्हणजे कागदावरची लांबी, इतके ते सरळ होते.

दुसरी रीत पडद्याची. तेथे चित्र म्हणजे ठिपक्यांची, अर्थात पिक्सेलची, जाळी. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकावर एका इंचात ७२ ठिपके होते, तर १९८५ च्या लेझररायटर छपाई-यंत्रावर ३००. पडद्यावरचा एकेक ठिपका तसाच कागदावर उतरवला, तर एक इंचाचे चित्र पाव इंचाहून लहान होईल! यावर ॲडोबी कंपनीच्या ‘पोस्टस्क्रिप्ट’ने १९८४ मध्ये तोड काढली. चित्राचे वर्णन ठिपक्यांत न करता पॉइंटमध्ये, म्हणजे १/७२ इंचात करायचे. ठिपके किती लागतील ते छपाई-यंत्राने ठरवायचे.

आजच्या संगणकभाषांत हे दोन्ही वारसे शेजारी शेजारी नांदतात. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात घडवलेली ‘आर’ भाषा पाहा. आपण काही न सांगता आलेख जतन केला, तर पीडीएफ फाइल ७ × ७ इंचांची होते आणि पीएनजी फाइल ४८० × ४८० ठिपक्यांची. पायथन भाषेतील ‘मॅटप्लॉटलिब’मध्ये तर २०१७ पर्यंत पडद्यासाठी इंचाला ८० आणि फाइलसाठी १०० ठिपके धरले जात. त्यामुळे पडद्यावरचा ६४० × ४८० चा आलेख फाइलमध्ये ८०० × ६०० चा होई. त्या वर्षी दोन्हीकडे १०० हाच आकडा ठरला.

आता अक्षरांचे कोडे सोडवू. ७ इंचांचा आलेख इंचाला ३०० ठिपके या दराने छापायचा आहे. म्हणून ‘आर’मध्ये रुंदी ७ × ३०० = २१०० ठिपके दिली, पण इंचामागे ठिपके किती ते सांगितले नाही. मग संगणक ७२ धरतो. १२ पॉइंटचे अक्षर १२ ठिपक्यांत बसते आणि कागदावर त्याला १२/३०० इंच, म्हणजे जेमतेम १ मिलिमीटर उंची मिळते. ३०० हा आकडाही सांगितला, तर त्याच अक्षराला ५० ठिपके मिळतात आणि उंची सुमारे ४ मिलिमीटर होते.

थोडक्यात, लांबी, इंचामागील ठिपके आणि एकूण ठिपके यांपैकी दोन ठरले की तिसरे आपोआप ठरते. आलेख कागदावर जायचा असेल, तर आधी पट्टीने जागा मोजावी आणि मग आज्ञा लिहावी. गुणोत्तराचा धडा शिकवताना विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखे हे उदाहरण आहे. न वाचता येणारा आलेख अचूक असूनही निरुपयोगीच ठरतो.