यंत्राची परीक्षा आणि वाचतां येणारा निकाल

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार तालुक्यांत बीबी नांवाचें गांव आहे. तेथील शेतकऱ्यास पीककर्जासाठीं सातबारा लागला, तर पूर्वीं तलाठ्याची गांठ पडेपर्यंत थांबण्यावांचून गत्यंतर नसे. महाराष्ट्र सरकारनें १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा देण्यास आरंभ केला, आणि जिल्हा, तालुका, गांव व गट क्रमांक निवडून तो उतारा संगणकावरून मिळूं लागला. सोय मोठी झाली; परंतु तिच्याबरोबर एक नवा प्रश्नही उभा राहिला. तलाठ्याच्या हातून चूक झाली, तर ती त्यास दाखवितां येई. संकेतस्थळावरील बटण दाबूनही कांहींच घडलें नाहीं, तर दाद कोणाकडे मागावयाची? तेव्हां असें पान लोकांपुढें येण्यापूर्वींच त्याची परीक्षा झाली पाहिजे, हें उघड आहे. ही परीक्षा माणसाच्या हातून यंत्राच्या हातीं कशी गेली, याचा इतिहास बोधप्रद आहे.

पूर्वीं परीक्षक ब्राउझर उघडून प्रत्येक रकाना स्वतः भरीत व प्रत्येक बटण स्वतः दाबीत. पानांत लहानसा फेरफार झाला कीं सारें पुनः पहिल्यापासून. शंभराव्या वेळीं डोळा थकतो, आणि नेमकी तेथेंच चूक निसटते. यावर विकत मिळणारीं साधनें होतीं, पण तीं महाग असत. २००४ सालीं अमेरिकेंतील शिकागो येथें थॉटवर्क्स कंपनींत काम करणाऱ्या जेसन हगिन्स यानें, वेळ व खर्च नोंदविण्याच्या पानांची तपासणी करण्यासाठीं, ब्राउझरमध्यें आपोआप बटणें दाबणारा एक प्रोग्राम रचला. त्याचें नांव सेलेनियम. त्या काळीं या धंद्यांत मर्क्युरी नांवाच्या कंपनीचा दबदबा होता. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषावर सेलेनियम हा उतारा, असा त्या नांवांतील विनोद. हें साधन सर्वांस मोफत खुलें झालें, व त्याचा प्रसार झपाट्यानें झाला.

परंतु एक अडचण होती. एका संकेतस्थळाच्या प्रोग्रामनें दुसऱ्याच्या पानास हात लावूं नये, असा ब्राउझरचा सुरक्षेचा नियम आहे. सेलेनियम पानाच्या आंतूनच काम करी, त्यामुळें या नियमाशीं त्याचा वारंवार खटका उडे. सायमन स्टुअर्ट यानें वेबड्रायव्हर रचून ब्राउझरला बाहेरून आज्ञा देण्याची वाट काढली. २००९ मध्यें हे दोन प्रवाह एकत्र झाले, २०११ मध्यें सेलेनियमची दुसरी आवृत्ति निघाली, आणि ५ जून २०१८ रोजीं वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें वेबड्रायव्हरला प्रमाण म्हणून मान्यता दिली.

या इतिहासांत महाराष्ट्राचाही वांटा आहे. मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें शिकलेले रितेश अरोरा व नकुल अग्रवाल यांनीं २०११ सालीं मुंबईंत ब्राउझरस्टॅक ही कंपनी काढली. एकच पान एका फोनवर नीट दिसतें, तर दुसऱ्यावर विस्कटतें. आणि इतके फोन विकत घेणें लहान कंपनीच्या आवाक्याबाहेरचें. तेव्हां खरेखुरे फोन व ब्राउझर आपल्या केंद्रांत ठेवून ते इंटरनेटवरून वापरावयास द्यावे, ही त्यांची योजना जगभर मान्य झाली.

परीक्षा झाली; निकालाचें काय? आरंभीं तो सांकेतिक भाषेंत येई व प्रोग्राम लिहिणाऱ्यासच कळे. ही उणीव भरून काढण्यासाठीं २००८ सालीं अस्लाक हेलेसॉय यानें ककंबर हें साधन काढलें. त्यांत अपेक्षा साध्या वाक्यांत लिहावयाच्या, आणि तींच वाक्यें यंत्रानें तपासावयाचीं. या वाक्यांच्या आरंभींचे ठरीव शब्द अनेक भाषांत आहेत, व त्यांत मराठीही आहे. ‘जेव्हा शेतकरी बीबी हें गांव निवडतो’ ही एक ओळ, व ‘मग त्या गांवचे गट क्रमांक दिसतात’ ही दुसरी. ‘जेव्हा’ आणि ‘मग’ हे शब्द यंत्र ओळखतें. पुढील वाक्याचा अर्थ प्रोग्रामर एकदां जोडून देतो. जॉन फर्ग्युसन स्मार्ट यानें तर थ्युसिडिडीझ या ग्रीक इतिहासकाराच्या नांवानें एक साधन काढलें. त्याचेंच पुढें सेरेनिटी असें नामांतर झालें. त्याच्या अहवालांत प्रत्येक पायरी साधली कीं फसली हें लिहिलेलें असतें, व त्या क्षणीं पडद्यावर काय होतें याचें चित्रही जोडतां येतें.

वाचतां येणारा निकाल ही नुसती शोभा नव्हे. यंत्र तेवढेंच तपासतें, जेवढें त्यास विचारलें असेल. सामाईक खातेदारांचीं नांवें पूर्ण उमटतात कीं नाहीं, जोडाक्षरें फुटतात काय, हें कोणी विचारलेंच नाहीं, तर सर्व पायऱ्यांपुढें हिरवी खूण येईल आणि तरीही उतारा चुकीचा असेल. काय विचारावयाचें राहिलें, हें प्रोग्रामरपेक्षां तलाठ्यास व शेतकऱ्यास अधिक कळतें. पण अहवाल त्यांना वाचतांच आला नाहीं, तर त्यांचें ज्ञान वायां जातें. पेरणीच्या तोंडावर अडलेल्या कर्जाचा भार मात्र शेतकऱ्यावरच पडतो. म्हणून यंत्रानें परीक्षा घ्यावी, हें योग्यच; पण प्रश्नपत्रिका कोणीं काढली आणि निकाल कोणीं वाचला, हें विचारण्याचा अधिकार, ज्याचें काम त्या पानावर अडतें, त्याचा आहे.